बाटलेला चहा



ज्या व्यासपीठावरून धर्म, राज्य आणि वाङ्मय यांवर व्याख्याने होतात, तेथे चहासारख्या विषयावर बोलावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु आमचे आयुष्य कामगारांच्या सभा घेण्यात गेले, आणि जिला चहा नव्हता अशी एकही सभा आम्हांस आठवत नाही. तेव्हा या विषयात आम्हांस अगदीच अधिकार नाही, असे कोणी म्हणू नये.

निमित्त असे झाले. गोदामात रात्रपाळी करणारा एक तरुण सभासद आम्हांस नव्या धर्तीच्या एका कॉफीगृहात घेऊन गेला. तेथील पाटीवर एकाखाली एक दोन नावे होती : ‘चाय लाटे’ आणि ‘डर्टी चाय’. पहिल्याचा उलगडा सोपा आहे. इटालियन भाषेत लाटे म्हणजे दूध. तेव्हा चाय लाटे म्हणजे दुधाचा मसालेदार चहा, जो आपण जन्मभर पीत आलो, तोच परदेशी कपडे घालून परत आलेला. दुसऱ्या पेल्यातही चहा तोच. पण त्यात एस्प्रेसो कॉफीचा एक घोट ओतलेला असतो. त्याने तो मळका होतो, म्हणून डर्टी.

हे नाव ऐकून आम्हांस हसू आले. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळी व्याख्यानाला गेली, पुढे चहाबिस्किटे आली, आणि तेवढ्यावरून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्ताचा वाद माजला. तेव्हा चहा माणसाला बाटवीत असे. आता कॉफी चहाला बाटवू लागली आहे. पण आमचा प्रश्न निराळा आहे. हा मसाल्याचा चहा मुळात सोवळा होता तरी केव्हा?

आसामातील चहाचा पहिला लिलाव लंडनला झाला तो 1839 साली. त्यानंतर कितीतरी वर्षे हिंदुस्थानातला चहा प्रामुख्याने परदेशी जाई; येथल्या माणसाला तो ठाऊकही नसे. 1903 साली मळेवाल्यांच्याच मागणीवरून चहावर उपकर बसविणारा कायदा झाला, आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. शिकवण्याची रीत इंग्रजी होती : पाणी उकळावे, पत्ती भिजत ठेवावी, दूध वरून थोडेसे घालावे. आपल्या लोकांनी ती ऐकली, आणि घरी जाऊन आपल्याच रीतीने केले. पत्ती, पाणी, दूध, साखर सारे एकाच भांड्यात घालून कढविले. सुंठ, आले, वेलदोडा, तुळस, गवती चहा ही काढ्याची सामग्री घराघरांत होतीच. तीही त्यात पडली. चहाच्या गाडीवाल्याला तर हे फारच सोयीचे. दूध, साखर आणि मसाला यांनी पेल्याला अंग येई आणि महाग पत्ती कमी लागे. प्रचारकांना हे मुळीच रुचले नाही, कारण त्यांना खपवायची होती ती पत्ती! आज जो पेला भारताची खूण म्हणून जगभर मिरवतो, तो पत्ती विकणाऱ्यांच्या लेखी बिघडवलेला चहा होता. पुढे 1930 च्या सुमारास आसामात पत्ती चिरडून, फाडून, वळून तिचे दाणे करणारे सीटीसी यंत्र निघाले. तो स्वस्त, कडक, लालभडक दाणा दुधामसाल्यात हरवत नाही. आजचा टपरीवरचा चहा त्याच दाण्यावर उभा आहे.

येथे एक गोष्ट आम्हांस प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. कामगाराच्या चहाच्या सुट्टीचा येथला पहिला पुरस्कर्ता युनियन नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखाने, कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्या येथे चहाचे ठेले घालावेत, म्हणून मालकांच्या दारी गेली ती चहा खपविणारी मंडळी. चहाने कामगार तरतरीत राहतो, काम अधिक होते, असा त्यांचा युक्तिवाद. म्हणजे सुट्टी आली ती मालाच्या पाठीवर बसून. आम्हांस याची लाज वाटत नाही. कोणत्या दाराने आली यापेक्षा ती टिकविली कोणी, हे महत्त्वाचे. 1948 च्या कारखाना कायद्यात सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती आणि अडीचशेंहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृहाची सोय ही कलमे आली, तेव्हा ठेल्यावरच्या मेहेरबानीचा हक्क झाला.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. एस्प्रेसो हे इटलीचे अपत्य, आणि तेही यंत्रयुगातले. तुरीन शहरात मोरिओंदो याने 1884 साली वाफेच्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. मिलानच्या बेझेरा याने 1901 साली एकेक पेला झटपट काढणारे यंत्र केले. आपल्या कामगारांची कॉफीची सुट्टी आखडावी म्हणून बेझेराने हा खटाटोप केला, अशी एक कथा सांगतात. खरी असो वा नसो, आमच्या धंद्यातल्या माणसाला ती पटकन पटते! दुसऱ्या महायुद्धानंतर गाज्जिया याने तरफेचे यंत्र आणले आणि कॉफीवर तो तांबूस साईसारखा फेस दिसू लागला. सुमारे सात ग्रॅम बारीक पूड, हवेच्या नऊपट दाब, पंचवीस-तीस सेकंद, आणि हाती येते ती जेमतेम दोन घोट कॉफी. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात फसफस वाफ सोडून जी ‘एस्प्रेसो’ मिळत असे, तिचा या प्रकाराशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. ती म्हणजे तयार पुडीची, फेसाळ दुधाची कॉफी. तीही आम्ही आवडीने प्यालो आहोत.

कॉफीचा येथला प्रचारही चहाच्याच वाटेने गेला. 1935 साली कॉफीवर उपकर आला आणि 1936 साली मुंबईत चर्चगेटला पहिले कॉफी हाऊस उघडले. पुढे कॉफी बोर्डाने ही कॉफी हाऊसे बंद करावयास काढली आणि वाढप्यांवर, आचाऱ्यांवर बेकारी आली. तेव्हा कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्या कामगारांनी 1957 साली बंगलोरला आपली सहकारी संस्था काढली, आणि मग इतर शहरांतही. कालपर्यंत ट्रे उचलणारी माणसे दुकानाची मालक झाली. आमच्या मते भारतातील कॉफीच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे पान आहे.

या दोहोंची गाठ एका पेल्यात पडली ती अमेरिकेत. 1990 नंतरच्या दशकात तेथील कॉफीच्या दुकानांत आपला मसाला चहा शिरला. पोर्टलंड शहरी ओरेगॉन चाय ही कंपनी 1994 साली निघाली. तेथे चहा कढवीत बसावयास वेळ कोणाला? चहा, मसाला व साखर यांचा आटवलेला अर्क बाटलीतून घ्यावयाचा आणि वाफेने तापवलेले दूध त्यात ओतावयाचे. एस्प्रेसोचे यंत्र शेजारी फुसफुसत होतेच. कोणी ना कोणी त्यातला घोट चहात ओतणार, हे ठरलेलेच होते. परंतु चहा-कॉफीचे मिश्रण काही अमेरिकेने प्रथम केलेले नाही. हाँगकाँगला रस्त्याकडेच्या खानावळींत चहा, कॉफी आणि दूध एकत्र करून पिण्याची जुनी चाल आहे. त्याला तेथे ‘युनयाँग’ म्हणतात, म्हणजे नेहमी जोडीने राहणारी मंदारिन बदके. एकाने त्याला दांपत्य म्हटले, दुसऱ्याने मळका!

चवीचे म्हणाल तर आम्ही दोन्ही पेले नीट चाखले. साध्या चाय लाटेत आपला कढ नाही. आपण दूध पत्तीबरोबर उकळतो, तेथे ते नुसते तापवतात. म्हणून चव गोड, मऊ आणि किंचित पोरकी. दालचिनी पुढे येते, चहा मागे राहतो. कॉफी पडली की तो गोडपणा तुटतो, हे मान्य केले पाहिजे. वेलदोडा आणि दालचिनी कॉफीशी चांगली नांदतात. अरबांच्या कॉफीत वेलदोडा असतोच, आणि आपल्याकडेही कॉफीत जायफळ-वेलदोडा घालणारी घरे थोडी नाहीत. मात्र आल्याचा तिखटपणा आणि चहाचा तुरटपणा बुडतो. चव म्हणून दुसरा पेला अधिक ठसकेबाज; चहा म्हणून पहिलाच. आमचा कौल पहिल्याला.

पण चव हा अर्धाच हिशेब झाला. एक पेला चहात साधारण 40 ते 50 मिलिग्रॅम कॅफिन असते. एस्प्रेसोचा एक घोट त्यात आणखी 60 ते 75 ची भर घालतो. आम्ही त्या तरुणाला विचारले, तू मळकाच का घेतोस? तो म्हणाला, “काका, दहा वाजल्यापासून उभं राहायचंय. नुसत्या चहावर तीन वाजले की डोळे मिटतात.”

“मग मधल्या सुट्टीत चहा घेत नाहीस?”

“कॅन्टीन आहे की. पण गेटपाशी आहे. जाऊन येईपर्यंत सुट्टी संपते.”

त्याने पेला चार घोटांत रिकामा केला आणि तो निघाला. आमचा अर्धा उरला होता. तो आम्ही बसून संपविला. त्या गोदामाच्या मालकांना दिलेल्या मागणीपत्रात कॅन्टीन कामाच्या जागेजवळ असावे, असे कलम आम्ही घातले आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.