पाकिटावर एक नाव, आत दुसरे

१९३२ सालची गोष्ट. धुळ्याच्या तुरुंगात त्या वर्षी कायदेभंगाच्या चळवळीतले राजबंदी भरलेले होते. विनोबा भावे त्यांत होते, जमनालाल बजाज होते, आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातील शिक्षकाची नोकरी १९३० साली सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजीही होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी तेथे गीतेवर एकेक प्रवचन दिले. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजींनी ती झरझर उतरवून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज आपल्या हाती आहे.

याच गुरुजींचे दुसरे पुस्तक पाहा. त्यांचा 'पत्री' हा कवितासंग्रह सरकारने जप्त केला. एकाच लेखणीतून उतरलेली दोन पुस्तके. एक बाहेर येताच सरकारजमा झाले, दुसरे सरकारच्याच छपराखाली, पहारेकऱ्यांच्या देखत तयार झाले. प्रवचनांत काही चोरून सांगितले होते असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. आमचा मुद्दा सरकारच्या हिशेबाचा आहे. देशभक्तीची कविता वेगळी काढून बंद करता येते. गीता कशी बंद करणार? जे बंद केल्याने बंद करणाऱ्याचेच जास्त नुकसान होते, ते सहसा बंद होत नाही. या लेखात आम्ही इंटरनेटवरील ज्या युक्तीचा इतिहास सांगणार आहोत, ती सगळी याच हिशेबावर उभी आहे.

त्याआधी आणखी दोन जुनी उदाहरणे पाहू, कारण त्यांतला फरक पुढे उपयोगी पडेल. खाडिलकरांचे 'कीचकवध' हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली, पण कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत असे. सरकारलाही तो दिसला आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. महाभारतावर बंदी आली नाही, फक्त या नाटकावर आली. म्हणजे आवरण पवित्र असले तरी आतले उघड दिसत होते, त्यामुळे नेमके तेवढेच वेगळे काढता आले. दुसरे उदाहरण सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथाचे. १९०९ साली त्यावर बंदी आल्यावर इंग्रजी आवृत्तीच्या प्रती 'पिकविक पेपर्स'सारख्या निरुपद्रवी पुस्तकांची वेष्टने चढवून हिंदुस्थानात पाठवल्या गेल्या. येथे आवरण आणि आतला मजकूर यांचा काही संबंधच नव्हता. बाहेर डिकन्स, आत सत्तावनचे समर. अशी प्रत ओळखायची तर प्रत्येक 'पिकविक पेपर्स' उघडून पाहायला हवा, नाहीतर डिकन्सवरच बंदी घालायला हवी.

आता इंटरनेटकडे वळू. सुरुवातीची वीसेक वर्षे इंटरनेटवरचा बहुतेक मजकूर पोस्टकार्डासारखा उघडा प्रवास करीत असे. वाटेतला कोणीही तो वाचू शके. पुढे तो पाकिटात बंद होऊ लागला. पत्त्याच्या सुरुवातीला जी 'एचटीटीपीएस' ही अक्षरे असतात, त्यांतला शेवटचा 'एस' म्हणजे या पाकिटाचा डिंक. आत काय आहे ते आता वाटेत दिसत नाही. पण पाकिटावर नाव असतेच. एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे नांदतात, तेव्हा आपल्याला कोणाकडे जायचे आहे ते दारावरच सांगावे लागते, आणि ही सांगण्याची क्रिया पाकीट बंद होण्याआधी, उघड्यावर होते. बंदी घालणारा नेमक्या याच नावावर नजर ठेवतो. भारतातल्या काही इंटरनेट कंपन्याही बंदीचे आदेश अमलात आणताना हे नाव वाचतात.

ही नजर पूर्वी फारच ढोबळ होती. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातील एका बंदी घातलेल्या संघटनेचा याहूवरील एक चर्चागट बंद करण्याचा आदेश केंद्र सरकारने काढला. तेवढा एकच गट अडवणे इंटरनेट कंपन्यांना जमेना, तेव्हा त्यांनी 'याहू ग्रुप्स' हा अख्खा विभागच बंद केला. शाळकरी मित्रांचे, संगीतप्रेमींचे, संशोधकांचे गट एका फटक्यात गेले. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. त्यानंतर मोजकी पाने अडवायची होती, आणि अडवला गेला सगळा ब्लॉगस्पॉट. स्फोटानंतर जखमींची चौकशी आणि मदत यांसाठी लोकांनी चालवलेला ब्लॉगही त्यातच सापडला. दोन्ही वेळा ओरड झाली आणि बंदी मागे घ्यावी लागली. सुक्याबरोबर ओलेही जळते ही म्हण आपण मुलांना शिकवतो. ओले जळण्याचा धाक हेच सुक्याचे संरक्षण होऊ शकते, हे मात्र त्या वेळी फारसे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

लक्षात आले ते सीडीएनमुळे. हे पूर्ण नाव कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, म्हणजे मजकूर पोचवणारे जाळे. जळगाव जिल्ह्यातल्या वाचकांना ते समजावून सांगायला केळीइतके चांगले उदाहरण नाही. रावेर-सावद्याची केळी हिरवी कापली जातात, हिरवीच रेल्वेने किंवा ट्रकने दिल्लीकडे जातात आणि खाणाऱ्याच्या गावाजवळच्या वखारीत पिकतात. दिल्लीच्या गिऱ्हाइकाला डझनभर केळ्यांसाठी रावेरला यावे लागत नाही. सीडीएन हीसुद्धा वखारच. मूळ सर्व्हर अमेरिकेत असला तरी त्यावरच्या चित्रांच्या आणि पानांच्या प्रती मुंबईत, दिल्लीत, चेन्नईत ठेवलेल्या असतात. आपण मागणी केली की जवळच्या वखारीतून माल मिळतो. वेब गर्दीने गुदमरणार, हा प्रश्न टिम बर्नर्स-ली यांनी १९९५च्या सुमारास एमआयटी या अमेरिकेतल्या संस्थेत मांडला होता. तेथील गणिती टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी त्यावर उत्तर शोधले आणि १९९८ साली 'अकामाई' ही कंपनी काढली. (११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळलेल्या पहिल्या विमानात लेविन होते. त्या दिवशी जगभरची माणसे बातम्यांच्या संकेतस्थळांवर तुटून पडली, आणि ती गर्दी पेलण्यात त्यांच्याच जाळ्याचा मोठा वाटा होता.)

वखार एक, माल हजार शेतकऱ्यांचा. सीडीएनच्या एकाच दारातून बँक, दुकान, वर्तमानपत्र, रुग्णालय अशा असंख्य संकेतस्थळांचा माल बाहेर पडतो. आता युक्ती ऐका. पाकिटाच्या बाहेर वखारीतल्याच एखाद्या परवानगी असलेल्या संकेतस्थळाचे नाव लिहायचे. आतल्या चिठ्ठीवर खरे नाव, म्हणजे बंदी असलेल्या सेवेचे, लिहायचे. वाटेतला सेन्सॉर बाहेरचे नाव वाचतो आणि पाकीट सोडून देतो. वखारीत पाकीट उघडते, कारकून आतले नाव वाचतो आणि पाकीट तिकडे पाठवतो. या युक्तीला 'डोमेन फ्रंटिंग' असे नाव पडले. सावरकरांच्या वेष्टनाची ही विसाव्या शतकानंतरची आवृत्ती म्हणायला हरकत नाही, फक्त येथे वेष्टन उचकटून पाहण्याची सोय सेन्सॉरला उरलेली नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा राहतात. सगळे जाऊ द्यायचे किंवा अख्खी वखार बंद करायची.

२०१४ साली 'टॉर' या ओळख झाकणाऱ्या जाळ्यासाठी 'मीक' नावाचे साधन आले, ते याच तत्त्वावर. पुढच्या वर्षी डेव्हिड फिफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. डिसेंबर २०१६ मध्ये इजिप्त आणि संयुक्त अरब अमिराती येथे 'सिग्नल' ही संदेशसेवा अडवली गेली, तेव्हा सिग्नलने आपली पाकिटे गूगलच्या नावाने पाठवायला सुरुवात केली. सिग्नल थांबवायचे तर गूगल थांबवावे लागले असते.

एक गोष्ट मात्र या हिशेबात कच्ची राहिली होती. वखार कोणाच्या तरी मालकीची असते. एप्रिल २०१८ मध्ये गूगलने आपल्या यंत्रणेत बदल केला आणि ही वाट बुजली. सिग्नल ॲमेझॉनच्या वखारीकडे वळू लागले, तर ॲमेझॉनने त्यांना ताकीद दिली. बाहेर लिहिलेले नाव ॲमेझॉनच्याच मालकीच्या सूक या दुकानाचे होते, आणि आपले नाव दुसऱ्याने वापरावे हे त्यांना मान्य नव्हते. कंपन्यांची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. रशियाशी संबंध असल्याचे मानले जाणारे हेर हीच युक्ती वापरतात, हे २०१७ सालीच उघड झाले होते. तरी आमचे मत असे की, खरी भीती गिऱ्हाइके गमावण्याची होती. त्याच एप्रिल महिन्यात रशियाने 'टेलिग्राम' बंद करण्याच्या नादात ॲमेझॉन आणि गूगलचे दीड कोटीहून अधिक पत्ते अडवून दाखवले. दुकाने, खेळ, बँकांचे व्यवहार अडखळले आणि टेलिग्राम चालूच राहिले. जून २०२० मध्ये रशियाने ती बंदी उठवली. ओले जळाले की सेन्सॉरलाही चटका बसतो हे त्यातून दिसले, पण काही काळ तो चटका सोसायला तयार होऊ शकतो हेही दिसले.

हा सगळा विषय आम्ही जळगाव आणि धुळे येथील काही शाळांत नववी-दहावीच्या मुलांबरोबर खेळून पाहिला. शिक्षकमित्रांना सहज करता येईल असा हा खेळ आहे. तीस पाकिटे घ्यावीत. एक मूल सेन्सॉर, एक वखारीतला कारकून, बाकीचे पत्र लिहिणारे. चार-पाच पाकिटांत 'बंदी असलेला' निरोप, बाकीच्यांत गृहपाठ, वाढदिवसाच्या शुभेच्छा, मुख्याध्यापकांसाठी अर्ज. बंदीचा निरोप पकडला की सेन्सॉरला पाच गुण मिळतात, साधे पत्र अडवले की दोन गुण जातात. पहिल्या फेरीत पाकिटांवर खरी नावे असतात आणि सेन्सॉर आरामात जिंकतो. दुसऱ्या फेरीत सगळ्यांवर एकच नाव येते. सेन्सॉर तीन-चार पाकिटे अंदाजाने अडवतो, गुण गमावतो आणि मग हात बांधून बसतो. येथवर मुलांना फार मजा येते.

धुळ्यातल्या एका वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, पण आत अफवा असली तर?"

हा प्रश्न धुळे जिल्ह्यात विचारला जाणे साहजिक आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणाऱ्या टोळीतले समजून जमावाने ठार मारले. ती माणसे गावोगाव भिक्षा मागून पोट भरणारी होती. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा त्याआधी कित्येक दिवस व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. व्हॉट्सॲपची पाकिटे २०१६ पासून पूर्ण बंद झालेली, आतले कंपनीलाही वाचता येत नाही. पाकीट शहाण्याचे आणि वेड्याचे सारखेच जपते, हे त्या मुलीने आमच्याआधी ओळखले होते. आम्ही थोडा वेळ गप्प राहिलो हे कबूल केले पाहिजे.

मग आम्ही त्या मुलांना पुढची हकीकत सांगितली. त्या जुलैतच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. यात पाकीट उघडले नाही, फक्त पोस्टमनची चाल मंद केली. सरकारने मात्र २०२१ च्या नियमांत, संदेश मुळात कोणी पाठवला ते शोधून देण्याची मागणी केली, आणि व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. पहिला उपाय पत्राच्या वेगावर आहे, दुसरा पत्र लिहिणाऱ्यावर. वर्गात हा फरक फळ्यावर मांडला, तर वादविवादाला तासभर पुरतो. आमचा स्वतःचा कल पहिल्या उपायाकडे आहे. पाठवणाऱ्याचे नाव सापडेल असे पाकीट एकदा बनवले, की ते अफवा पसरवणाऱ्यासाठी वेगळे आणि तक्रार करणाऱ्या गावकऱ्यासाठी वेगळे बनवता येत नाही.

पाकिटावरचे नावच झाकून टाकायची पद्धतही आता निघाली आहे. दारावर सांगायचे नावसुद्धा बंद करून सांगायचे, म्हणजे खोटे नाव लिहिण्याची गरजच उरत नाही. चीनने तिची पहिली आवृत्ती २०२० मध्ये अडवली. क्लाउडफ्लेअर या मोठ्या सीडीएनने नवी आवृत्ती सर्रास सुरू केल्यावर रशियाने २०२४ च्या नोव्हेंबरात ती अडवायला घेतली. झाकलेले नाव दिसले की तेच संशयास्पद, असा हा न्याय आहे. रस्त्यावर सगळेच तोंडाला रुमाल बांधू लागले तर तो टिकणार नाही, आज मोजकेच बांधतात.

खेळाची तिसरी फेरी आम्ही ठरवलेली नव्हती. ती जळगावच्या एका सेन्सॉरने शोधून काढली. दोनदा हरल्यावर तो उठला, वर्गाचे दार लावून घेतले आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला. एकही पाकीट बाहेर जाईना. मुलांनी गलका केला, हे नियमात बसत नाही म्हणून. तो म्हणाला, कोल्हापुरात केले होते तसे करतोय. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात दंगलीनंतर मोबाइल इंटरनेट बंद ठेवले गेले होते, ते त्याच्या लक्षात होते. वखारच काय, रस्ताच बंद, मग पाकिटावर काहीही लिहा. इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन यांच्या खटल्यात सांगितले आहे, ते आम्ही त्याला सांगितले. त्याने विचारले, "म्हणजे मी किती वेळ उभा राहू शकतो?"

गुणांची मोजणी करायला घेतली तेव्हा त्याच्या खात्यात पाच निरोपांचे पंचवीस जमा होते आणि पंचवीस साध्या पत्रांचे पन्नास वजा. मुख्याध्यापकांचा अर्जही त्यांतच अडकून पडला होता.