लाल तांदूळ, नाचणी आणि आपलं विसरलेलं बियाणं

परवा एक आजी तपासणीला आल्या. गेली वीस वर्षं बोरिवलीत राहतात, माहेर कोकणातलं. तीन महिन्यांची साखर वाढलेली दिसली म्हणून जेवणाची चौकशी केली. "डॉक्टर, आता आम्ही पांढरा भात सोडला. देशी लाल तांदूळ आणतो. तो साखरेला चालतो ना, म्हणून दोन्ही वेळा पोटभर खाते," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून विचारलं, "माहेरी हाच तांदूळ होता. त्याचं बी आणून गॅलरीत लावलं तर उगवेल का?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायची तर थोडं मागे जावं लागेल.

तुम्ही अंधेरी, मुलुंड किंवा घाटकोपरला राहत असाल, तर तुमची इमारत बहुधा जुन्या साष्टी बेटावर उभी आहे. या बेटाचं मुख्य पीक भात होतं. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, सखल भागात भात आणि खाडीकाठी बांध घालून मिळवलेली खाजणं, अशी साधारण मांडणी होती. खाऱ्या जमिनीत कोणतंही बी चालत नाही. कोकण किनाऱ्यावर तिथे 'काळा रता' आणि 'भुरा रता' ही भातं पेरत. मीठ सोसणारं हे बी शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवडून टिकवलेलं होतं. पाणी किती दिवस टिकतं ते पाहून हळवं, निमगरवं की गरवं भात लावायचं ते ठरे. म्हणजे एकाच गावात तीन-चार प्रकारचं बी घरोघरी असायचंच.

पुढे शहर वाढलं. १९५० मध्ये महापालिकेची हद्द उपनगरांत सरकली आणि १९५७ मध्ये ती दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली. शेतं गेली, तसं त्या शेतांसाठी राखलेलं बीही गेलं. गोराई-मनोरीकडे आणि आरेच्या पाड्यांवर पावसाळ्यात अजून थोडं भात दिसतं. एखाद्या रविवारी मुलांना ते जरूर दाखवा.

शेतं शाबूत राहिली त्या गावांतही बी बदललं, पण त्याचं कारण वेगळं होतं. १९६५-६६ च्या दुष्काळात देश अमेरिकेच्या गव्हावर तगला. १९६६ मध्ये फिलिपाईन्समधून आयआर-८ हे बुटकं भात आलं, १९६८ मध्ये आपलं 'जया' आलं. जुनी भातं उंच वाढायची. खत जास्त झालं की ती आडवी पडत. बुटकी भातं खत पचवत आणि दाणा भरपूर देत. पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रेशनवरचा तांबडा मिलो आणि रोजगाराच्या कामावरची सुकडी खाल्ली. तुमच्या घरातल्या सत्तरीच्या पुढच्या कोणालाही त्याची चव विचारून पाहा. त्या भुकेच्या काळात ज्यांनी जास्त पिकणारं बी निवडलं, त्यांना आज पोटभर जेवून आपण नावं ठेवणं मला पटत नाही.

नुकसान झालं ते वेगळ्या वाटेने. बी सोन्यासारखं तिजोरीत ठेवता येत नाही. मुंबईच्या दमट हवेत उघड्या डब्यात ठेवलेलं भाताचं बी वर्ष-दोन वर्षांतच उगवेनासं होतं. सलग दोन-चार पावसाळे कोणीच पेरलं नाही, तर वाण गावातून जातो, आणि तो गेला हे कळतही नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना हे कळलं. त्या महादेव कोळी समाजातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या. नातवंड आजारी पडलं, तेव्हा फवारलेल्या विकतच्या भाज्यांवर त्यांचा संशय गेला आणि त्यांनी परसबागेत गावठी बी लावायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणून मला सांगायला हवं, की एका मुलाच्या आजारावरून असं कारण सिद्ध होत नाही. पण त्यातून उभं राहिलेलं काम खरं आहे. वाल, भात, नाचणी, भाज्या अशी बियाणी त्यांनी गोळा केली, मडक्यांत जपली, आणि मुख्य म्हणजे दरवर्षी पेरली आणि इतर बायकांना पेरायला दिली. 'बायफ' या संस्थेची साथ मिळाली आणि घरातच बियाणे बँक झाली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आता आजींच्या साखरेकडे येऊ. लाल तांदूळ गुणाचा का? त्याचा रंग कोंड्यात असतो. 'ब' गटातली जीवनसत्त्वं, तंतू आणि स्निग्धांशही बहुतेक तिथेच. आजींच्या माहेरी तांदूळ उखळात हातसडीचा होई, त्यामुळे कोंडा बराचसा टिके. गिरण्या आल्या आणि तो पार उडाला. याचा परिणाम जगाला आधी जावा बेटावर दिसला. तिथे आइकमन या डच डॉक्टरांच्या कोंबड्या पॉलिश केलेल्या तांदळाचा भात खाऊन पायांतून लुळ्या पडत होत्या. नवा आचारी आला, "लष्कराचा तांदूळ कोंबड्यांना नाही" म्हणाला, त्यांना साधा असडी तांदूळ मिळू लागला आणि कोंबड्या उठून चालू लागल्या. हाच बेरीबेरी. कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व हे त्याचं उत्तर होतं आणि १९२९ मध्ये आइकमनना नोबेल मिळालं. कोकणात उकडा तांदूळ खाणाऱ्यांचं यापासून थोडं रक्षण होई, कारण भात उकडताना हे जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरतं.

म्हणजे वाण देशी की संकरित, यापेक्षा तो किती सडला याने तुमच्या ताटात जास्त फरक पडतो. देशी लाल तांदूळ पॉलिश करून पांढरा केला, तर उरतं ते नाव. आणि कोंड्यासकटचा तांदूळसुद्धा जवळपास पाऊण भाग पिष्टच असतो. आजींना मी तेच सांगितलं: तांदूळ हाच ठेवा, वाटी एकच. बरोबर उसळ आणि भाजी वाढवा, आणि गोळी बंद करू नका.

नाचणीचंही तसंच. शंभर ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात जेमतेम दहाच्या आसपास. हाडांसाठी ती उत्तम. पण पीठ बारीक दळून पातळ पेज केली तर साखर भराभर चढते, त्यामुळे मधुमेहींनी भाकरी बरी. कपड्यातून गाळून सत्त्व काढताना कोंडा चोथ्याबरोबर जातो, हेही लक्षात ठेवा. आणि ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे त्यांनी 'जुना' म्हणून खपली गहू खाऊ नये. तोही गहूच आहे.

राहिला गॅलरीचा प्रश्न. उगवेल, पण गिरणीतून आलेला तांदूळ नव्हे. सालासकटचं भात हवं. भात आणि नाचणी दोन्ही स्वतःच्याच परागाने फळतात, त्यामुळे शेजारच्या कुंडीशी मिसळून वाण फारसा बिघडत नाही. संकरित बी मात्र राखून उपयोग नाही, पुढच्या पिढीत गुण फुटतात.

मुंबईत मी भातापेक्षा नाचणी सुचवेन. भाताच्या कुंडीत पाणी साठवलं, की त्यात डासांच्या अळ्या झाल्याच, आणि पावसाळ्यात डेंग्यूचे पुरेसे रुग्ण मी पाहतो. भात लावायचंच असेल तर माती ओली ठेवा, पाणी तुंबवू नका. नाचणीला खोल कुंडीही लागत नाही. जूनमध्ये बी टाका, रोपं वीतभर झाली की वीतभर अंतरावर लावा, पाच-सहा तास ऊन मिळू द्या. कणसं भरली की चिमण्या आणि मुनिया येतात, तेव्हा जुनी मच्छरदाणी कामी येते. दिवाळीच्या सुमारास कणसं हाताला कडक लागली की कापा.

एका कुंडीतून जेमतेम मूठ-दोन मुठी दाणे निघतील, एक भाकरीही होणार नाही. ते खाऊ नका. चांगली चार-पाच कणसं उन्हात खडखडीत वाळवा, चोळून पाखडा, राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि वर कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. बरणीवर वाणाचं नाव, कोणाकडून आणलं ते गाव आणि वर्ष लिहा. अर्धं बी शेजारणीला द्या, म्हणजे तुमची कुंडी एखाद्या वर्षी साफ गेली तरी पुढच्या जूनला मागायला जागा राहील. आजींनी माहेरी फोन लावलाय. लाल तांदळाचं बी अजून कोणाकडे आहे का, त्याची चौकशी सुरू आहे.