उपकाराचे कार्ड नको, हक्काचा दवाखाना हवा!

आरोग्य योजनेच्या बॅनरवर नेत्याचा फोटो मोठा असतो. कार्ड हातात पडले की आपल्या वस्तीतली माणसे त्याचे आभार मानतात. उपचार म्हणजे सरकारची मेहेरबानी, हेच आपल्या मनावर ठसवले गेले आहे. म्हणून आम्ही आज इतिहास सांगणार आहोत.

1928 साली मुंबई कायदे मंडळात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची पगारी रजा देणारे विधेयक आले. त्याच्या विरोधातला युक्तिवाद ओळखीचाच होता: खर्च वाढेल, धंदा बुडेल. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. आई आणि मूल जगणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे; पण बाईच्या श्रमावर नफा कमावणारा मालकही त्यातून सुटू शकत नाही, ही त्यांची भूमिका होती. 1929 साली कायदा झाला.

त्या कायद्यात एक अडचण होती. पैसे थेट मालकाने द्यायचे, म्हणजे बाईला कामावरून काढले की त्याचा खर्च वाचतो. यावर उपाय एकच: सर्वांच्या वर्गणीचा सामाईक निधी. 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते सांभाळत होते. याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले. 1944 साली त्यांचा अहवाल आला आणि त्यातूनच 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपला ईएसआय, उभा राहिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. बाबासाहेबांनी एकट्याने ईएसआय कायदा केला, असे मेसेज फिरतात. कायदा मंजूर झाला तेव्हा ते कायदामंत्री होते. कामगार खाते जगजीवन राम यांच्याकडे होते. पाया मात्र बाबासाहेबांच्या कारकिर्दीत घातला गेला. खरा इतिहासच एवढा मोठा आहे की आम्हाला अतिशयोक्तीची गरज नाही.

1946 साली भोर समितीनेही हेच तत्त्व मांडले की पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर बाबासाहेबांनी विमा व्यवसाय सरकारच्याच ताब्यात असावा, अशी मागणी केली. का? सरकारने अंग काढून घेतले की गरिबाला स्वातंत्र्य मिळत नाही, त्याच्यावर मालकाची हुकूमशाही येते, हे ते जाणून होते.

कंपनीची मनमानी काय असते ते औषधांच्या किमतीत दिसते. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी नाकारली होती. जागतिक व्यापार कराराच्या अटींमुळे 2005 साली ती परत आली. बायर कंपनीचे कर्करोगावरचे नेक्साव्हर महिन्याला सुमारे 2,80,000 रुपयांना पडत होते. 2012 साली सरकारी यंत्रणेने नॅटकोला सक्तीचा परवाना दिला आणि तेच औषध 8,880 रुपयांत आले. सरकारने मनात आणले तर काय होऊ शकते, याचा हा पुरावा.

मग सरकार मनात का आणत नाही? सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले. त्यानंतर खरेदीदारांची यादी बाहेर आली. तिच्यात औषध कंपन्याही होत्या. ज्या पक्षांनी औषधांच्या किमतींवर लगाम घालायचा, त्यांच्याच तिजोरीत औषध कंपन्यांचे पैसे!

2018 पासून कुटुंबाला पाच लाखांचे विमा संरक्षण आहे. ऑपरेशनच्या वेळी ते कामाला येते, हे आम्ही नाकारत नाही. पण ते मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर चालते. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्यांचे काय? आणि या योजनेतून जनतेच्या कराचा पैसा खासगी रुग्णालयांकडेही वळतो, तर वस्तीजवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरची खुर्ची रिकामी.

1938 साली मनमाडला बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. पहिल्याविरुद्ध आपण बोलतो. दुसऱ्याने मिरवणुकीला वर्गणी दिली की गप्प बसतो. हे थांबले पाहिजे.

कामाला आजपासून लागू या. वस्तीतल्या प्रत्येक कंत्राटी सफाई कामगाराची पगार पावती बघा. ठेकेदार ईएसआयचे पैसे कापतो, पण भरतो का, हे तपासा. भरत नसेल तर लेखी तक्रार करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किती पदे रिकामी आहेत, याची माहिती अधिकारात विचारणा करा. कार्ड घ्या, पण आभार मानू नका. तो आपल्या श्रमाचा हिशोब आहे.

जय भीम!