हुबेहूब नकलेची भीती

मामाच्या माळ्यावरून उतरवलेल्या खोक्यात नऊ कॅसेट्स निघाल्या. लांबीला एटीएम कार्डापेक्षा आखूड, जाडीला बोटभर. आठांवर कुठल्या कुठल्या अल्बमची नावं आणि नवव्या कॅसेटवर नुसतं ‘आई, ऑगस्ट ९६’.

मामा तेव्हा पुण्यात एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होता. एका दुपारी गायक आलाच नाही, म्हणून त्याने आजीला रिक्षाने बोलावून घेतलं, माइकसमोर बसवलं आणि तिला येत होती तेवढी मंगळागौरीची गाणी म्हणायला लावली. आजी जाऊन आता बारा वर्षं झाली. “तू कम्प्युटरवाला, बघ काही निघतंय का,” म्हणत मामाने ते खोकं आणि स्टुडिओ बंद होताना त्याला मिळालेलं मशीन माझ्या हवाली केलं. डिजिटल आहे ना, मग तासाभराचं काम, असं मी म्हणालो. त्या रेकॉर्डिंगनंतर वर्षभराने जन्मलेल्या माणसाने आणखी काय म्हणावं?

तर ही डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप. जपानी कंपन्यांनी ती १९८७ साली बाजारात आणली, सोनी त्यात आघाडीवर. झाकण उघडून बघितलं तर हा टेपरेकॉर्डर कमी आणि व्हीसीआर जास्त वाटतो. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावा आणि उजवा असे दोन चॅनेल. हिशेब केला तर सेकंदाला पंधरा लाखांहून जास्त बिट होतात. साध्या कॅसेटसारखं हे सरळ रेषेत लिहायचं तर टेप वाऱ्यासारखी पळवावी लागली असती. इथे टेप सेकंदाला जेमतेम ८ मिलिमीटर सरकते आणि तिरक्या ड्रमवरची दोन हेड मिनिटाला २,००० फेरे घेत तिच्यावर तिरप्या रेघा ओढत जातात. दोन तासांच्या टेपवर जवळपास १.४ जीबी! तेव्हा पीसीची हार्ड डिस्क २०-४० एमबीची असायची.

स्टुडिओत डॅटचं मुख्य काम शेवटचं. वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतलेलं गाणं मिक्स करून दोन चॅनेलवर आणायचं आणि ते डॅटवर उतरवायचं. आधी हे स्पूलवर व्हायचं, आणि स्पूलची नक्कल काढली की प्रत्येक वेळी थोडी सळसळ वाढायची. डॅटवरून डॅटवर डिजिटल केबलने घेतलं की आकडे तेच. मामाचा नियम एकच होता: टेपचं पहिलं मिनिट कोरं सोडायचं, कारण मार तिथेच बसतो.

‘आकडे तेच’ हे मात्र अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांना झोंबलं. घरोघरी मूळ रेकॉर्डिंगइतक्याच चांगल्या नकला निघाल्या तर विकायचं काय? त्यांनी खटल्यांच्या धमक्या दिल्या. सीबीएसने ‘कॉपीकोड’ सुचवलं: गाण्यातूनच ३,८४० हर्ट्झच्या आसपासचा एक अरुंद पट्टा कापायचा, आणि मशीनला ते भोक सापडलं की त्याने रेकॉर्डिंग थांबवायचं. पियानोच्या अगदी वरच्या टोकाच्या पट्ट्या याच परिसरात वाजतात. चोर पकडायला मालाचाच लचका तोडायचा, असा हा प्रकार. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने तपासून १९८८ मध्ये सांगितलं की काही संगीतात हा काप ऐकू येतो, यंत्रणा कधी कधी चुकते आणि तिला चकवणंही सोपं आहे. कॉपीकोड बारगळलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला सोनीने सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेतली होती, म्हणजे भांडणाच्या दोन्ही बाजू एकाच घरात!

पुढचा तोडगा ‘एससीएमएस’. डिजिटल सिग्नलमध्ये खुणेचे दोन बिट ठेवायचे: मूळ सीडीची एक डिजिटल नक्कल काढता येईल, नकलेची नक्कल नाही. व्यावसायिक मशीनं या खुणेला जुमानत नसत. तरी १९९० मध्ये गीतकार सॅमी कान यांनी सोनीला कोर्टात खेचलंच. अखेर ऑक्टोबर १९९२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला: एससीएमएस सक्तीचं, डिजिटल रेकॉर्डरवर २ टक्के आणि कोऱ्या टेपवर ३ टक्के रॉयल्टी. साधा संगणक या कायद्याच्या कक्षेत आलाच नाही, आणि पुढे नकलांचा पूर आला तो तिथूनच. पण या पाच वर्षांत डॅटची वेळ निघून गेली होती. महाग तर ती होतीच. स्टुडिओत रुजली, घरात पोचली नाही. २००५ च्या अखेरीस सोनीने मशीनं बनवणं थांबवलं.

आजीची टेप लावली. चौदा मिनिटं लख्ख आवाज, बांगड्यांची किणकिणसुद्धा. मग एकदम शांतता. खरखर नाही, आवाज बारीक होत जाणं नाही, काहीच नाही. डॅटवर नमुने सलग लिहिलेले नसतात, विखरून लिहिलेले असतात, आणि सोबत रीड-सॉलोमन कोडची जादा माहिती असते. थोडं खराब झालं तर मशीन गणित करून मूळ आकडा परत मिळवतं. जास्त झालं तर शेजारच्या नमुन्यांवरून अंदाज बांधतं. तेही जमेना की गप्प बसतं. म्हणून टेप वर्षानुवर्षं झिजत असते आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.

हेड साफ करून तीच टेप सात वेळा वाजवली. दर वेळी ती वेगळ्याच जागी गप्प व्हायची, हे माझं नशीब. जिथे वाचलं गेलं तिथले आकडे सातही वेळा तंतोतंत तेच, त्यामुळे स्क्रिप्ट लिहून तुकडे जुळवणं सोपं गेलं. एकेचाळीस मिनिटांपैकी सहा मिनिटं मात्र एकदाही आली नाहीत. “तेव्हाच दुसऱ्या डॅटवर नक्कल का नाही घेतलीस?” मी मामाला विचारलं.

“मशीन एकच होतं. आणि घरी कोणाकडे होतं डॅट? मी सगळ्यांना साध्या कॅसेटवर काढून दिलं.”

त्यातली एक मावशीच्या कपाटात सापडली. सळसळ भरपूर, आवाज थोडा डगमगता, पण अख्खी वाजली. ती सहा मिनिटं मी तिच्यातून घेतली. जोड लपवायचा मी बराच प्रयत्न केला, पण मामाने हेडफोन लावले आणि नेमक्या जागी बोट वर केलं.

बाकीच्या आठ कॅसेट्स अजून खोक्यात आहेत, आणि मशीन आता टेप आत घेताना कुरकुरतं. सात अल्बम बाजारात आले होते. आठवा कधी आलाच नाही, म्हणून या रविवारी आधी तो लावायचं ठरलंय.