तालयंत्र आणि दहा राग

वऱ्हाडांतील आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत लग्नसराई किंवा गणेशोत्सव आला कीं चिखली, मेहकर, मलकापूर, खामगांव यांपैकीं कोणत्याहि गांवीं रस्त्यानें जाणाऱ्याच्या छातीवर एक ठोका बसूं लागतो. तो बहुधा हातानें वाजविलेला नसतो. त्यांत संबळाचा किंवा डफड्याचा ध्वनि असला, तरी तोहि पुष्कळदां यंत्रांतूनच आलेला असतो. सुशिक्षित घरांतून यावर दोन अभिप्राय ऐकूं येतात. वडील माणसें म्हणतात कीं, हें संगीतच नव्हे, हा यंत्राचा गोंगाट आहे. तरुण मंडळी उत्तर देतात कीं, ही विद्या मूळची आपलीच. मुंबईच्या एका वादकानें १९८२ सालीं टेक्नो संगीत अमेरिकेच्या आधीं करून ठेवलें होतें. पहिला अभिप्राय यंत्रावर अन्याय करतो आणि दुसरा इतिहासावर. दोहोंची शहानिशा करावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

तालयंत्र, म्हणजे ज्यास सर्वत्र ड्रम मशीन म्हणतात तें, कालपरवाचें नव्हे. रशियन शास्त्रज्ञ लेव थेरेमिन यानें अमेरिकन संगीतकार हेन्री कॉवेल याच्या सांगण्यावरून १९३१ च्या सुमारास ‘रिदमिकॉन’ नांवाचें यंत्र तयार केलें. अनेक भिन्न लयी एकाच वेळीं वाजविणें मानवी हातांस अवघड. तें काम यंत्रानें करावें अशी ती कल्पना होती. पुढें १९५९ सालीं वुर्लिट्झर या अमेरिकन कंपनीनें ‘साइडमॅन’ विकावयास आणलें. त्यांतून ठराविक नृत्यांचे ठराविक ठेके निघत आणि ऑर्गन वाजविणारा त्यांच्या संगतीनें आपलें वादन करी. यंत्राकडून त्या काळीं अपेक्षा होती ती साथीदाराची. आपल्याकडे तबलजी हजर नसला म्हणजे रियाजासाठीं विजेचा तबला लावतात, तशीच ती.

या साथीदारास स्वतंत्र वाद्याची योग्यता मिळाली ती जपानांत. इकुतारो काकेहाशी या ओसाकाच्या गृहस्थानें तरुणपणीं घड्याळें दुरुस्त करण्याचें दुकान चालविलें होतें. काळाचे समान भाग पाडणाऱ्या यंत्राशीं ज्याचा हात आधींच बसला होता, त्यानेंच पुढें तालयंत्रें करावीं हा योग मोठा मार्मिक आहे. त्यानें १९७२ सालीं रोलंड कंपनी स्थापन केली आणि १९८० सालीं त्या कंपनीचें ‘टीआर-८०८’ हें यंत्र बाहेर पडलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत रॉजर लिन याचें ‘एलएम-१’ हें यंत्रहि निघालें. लिनच्या यंत्रांत खऱ्या ड्रमच्या आवाजाचें मुद्रण सांठविलेलें होतें आणि त्याची किंमत पांच हजार डॉलरांच्या घरांत होती. ८०८ ची किंमत बाराशें डॉलरांच्या आंत होती. पण त्यांत खऱ्या वाद्याचा एकहि आवाज नव्हता. विजेच्या मंडलास क्षणभर धक्का द्यावा आणि घंटेसारखें तें घुमून शांत व्हावें, हा त्याचा खर्ज ढोल. सहा विसंवादी कंपनें एकत्र करून गाळावीं, ही त्याची झांज. ऐकणारे म्हणत कीं, हा ड्रमसारखा आवाज नव्हे. आणि तें खरेंच होतें. सुमारें बारा हजार यंत्रें विकून १९८३ सालीं कंपनीनें हें उत्पादन थांबविलें.

आतां या यंत्रावर शून्यांतून एखादी रचना कशी उभी राहते, तें पाहिल्याविना पहिल्या अभिप्रायाचा निकाल लागणार नाहीं. ८०८ च्या पुढल्या बाजूस एका ओळींत सोळा कळा आहेत. ही ओळ म्हणजे एक आवर्तन. प्रथम तें अगदीं रिकामें असतें. दिवे धांवतात, पण आवाज नाहीं. मग करणारा खर्ज ढोल निवडतो आणि पहिलें, पांचवें, नववें व तेरावें अशीं चार घरें भरतो. हा पाया झाला. नंतर दोन ठोक्यांच्या बरोबर मध्यें, म्हणजे तिसऱ्या, सातव्या, अकराव्या व पंधराव्या घरीं, झांजेचा तुकडा ठेवतो. त्यासरशी जड ठोक्यास उचल येते. पांचव्या व तेराव्या घरीं टाळी पडते. अशा आवर्तनास सुमारें दोन सेकंद लागतात आणि तें पुनःपुन्हां फिरत राहतें. खरें काम येथून पुढें आहे. कोणता आवाज किती लांबवावा, कोणत्या घरावर आघात द्यावा, कोणतें घर रिकामें सोडावें, हें कानानें ठरवावें लागतें. यंत्र त्यांतलें कांहींहि ठरवीत नाहीं.

सोळा हा आंकडा पाहतांच वाचकांस त्रिताल आठवेल. पण साम्य आंकड्यापुरतेंच आहे. त्रितालाच्या नवव्या मात्रेवर खाली येते; डग्गा आपला घुमारा आवरतो आणि त्या उणिवेमुळेंच पुढील समेची ओढ लागते. टेक्नो संगीताच्या आवर्तनांत अशी खाली नाहीं; चारहि ठोके सारखेच भरीव. मग ओढ लागते कशी? तर करणारा मधूनच पायाचा ढोल सबंध काढून घेतो. कांहीं आवर्तनें केवळ झांज आणि स्वर चालतात, ऐकणारा अधांतरीं राहतो आणि ढोल परत येतांच सगळा समुदाय एकदम पाऊल टाकतो. त्रितालांत दर आवर्तनास येणारी खाली येथें कांहीं मिनिटांनीं येते, इतकाच भेद. समेची वाट पाहावयास लावणें ही कला दोन्हीकडे एकच आहे. आणि जेथें वाट पाहावयास लावतां येतें, तेथें निवळ गोंगाट आहे असें म्हणतां येत नाहीं.

दुसऱ्या अभिप्रायासाठीं मुंबईस गेलें पाहिजे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांतील एक कसलेले वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशांच्या ध्वनिमुद्रणांत ते गिटार व विजेचीं स्वरवाद्यें वाजवीत. १९८० सालच्या ‘कुर्बानी’ चित्रपटानंतर डिस्कोचा ठेका घरोघर पोंचला होता. त्या लाटेंत सिंग यांनीं रोलंडचीं तीन यंत्रें घेतलीं: तालासाठीं ८०८, खर्जाच्या स्वरांसाठीं ‘टीबी-३०३’ आणि रागाच्या चलनासाठीं ‘ज्युपिटर-८’. तबला बाजूस ठेवून त्यांनीं ललत, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’ या नांवाची ती तबकडी १९८२ सालीं ध्वनिमुद्रित झाली आणि ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियानें ती काढली.

शास्त्रीय संगीताच्या जाणकारास तिच्यांत वैगुण्यें दिसतील. पहाटेचा ललत आणि मध्यरात्रींचा मालकंस यांस एकाच नृत्यगतीनें धांवावयास लावलें आहे. आलापाचा विस्तार नाहीं. हे आक्षेप खरे असूनहि तबकडी ऐकतांना एक गोष्ट ध्यानांत येते. ३०३ मधून निघणारी खर्जाची अखंड फिरती ओळ तंबोऱ्याचें काम करीत आहे. पाश्चात्त्य संगीतांत खर्जाचा आधार क्षणोक्षणीं बदलतो, कारण वर स्वरमेळ बदलत असतो. रागांत षड्ज हलत नाहीं. म्हणून तीच ओळ कितीहि वेळ फिरली तरी रागास बाध येत नाहीं. स्वर सरकविण्याची सोय या यंत्रांत असल्यामुळें मींडेचाहि कांहीं भास होतो. रागाची प्रकृति आणि यंत्राची प्रकृति यांचा मेळ कोठें बसतो, हें या वादकानें बरोबर हेरलें होतें.

बाजारांत तबकडीचें स्वागत झालें नाहीं. वीस वर्षें गेलीं. २००२ सालीं एडो बाउमन या डच संग्राहकास ती दिल्लींत एका दुकानीं सांपडली आणि २०१० सालीं त्यानें ती पुन्हां प्रसिद्ध केली. तेव्हां युरोपांतील रसिक चकित झाले. कारण शिकागोंत १९८७ सालीं निघालेल्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या तबकडीपासून ज्या संगीतप्रकाराचा जन्म मोजतात, त्याच्याशीं या दहा रागांचें विलक्षण साम्य होतें. सिंग यांस उतारवयांत परदेशच्या सभांतून बोलावणीं आलीं. जुलै २०१५ मध्यें ते मुंबईंत निवर्तले.

आतां ‘आधीं कोण’ या प्रश्नाकडे वळूं. टेक्नो संगीताचें घर म्हणजे अमेरिकेंतील डेट्रॉइट. तेथील वान अ‍ॅटकिन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या ‘सायबोट्रॉन’ या जोडीची पहिली तबकडी १९८१ सालची आहे. तेव्हां टेक्नो अमेरिकेच्या आधीं आपण केलें, हें विधान सालवारीनेंच पडतें. शिकागोच्या ‘अ‍ॅसिड’ प्रकाराच्या बाबतींत मात्र सिंग पांच वर्षें पुढें आहेत, हें निर्विवाद. पण पूर्वीं असणें आणि पूर्वज असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. शिकागोच्या तरुणांनीं मुंबईची तबकडी ऐकली होती, असें दाखविणारा कोणताहि पुरावा पुढें आलेला नाहीं. साम्याचें कारण निराळें आहे. दोन्हीकडे यंत्र तेंच, सोळा घरें तींच आणि दोन्हीकडे बदलत्या स्वरमेळाचा अभाव. कारणें सारखीं असलीं कीं कार्यें सारखीं होतात. त्यास एकमेकांच्या परिचयाची गरज नसते.

अभिमानापेक्षां अधिक विचार करावयास लावील असा प्रश्न पुढेंच आहे. एकीकडे त्या ध्वनींतून जगभर पसरलेली परंपरा निघाली आणि दुसरीकडे तबकडी वीस वर्षें धूळ खात पडली, असें कां व्हावें? ३०३ हें यंत्र गिटारवाल्यांस खर्जाची साथ मिळावी म्हणून केलेलें होतें. तें काम त्याला नीट जमेना, म्हणून १९८४ सालीं तें बंद पडलें आणि जुन्या बाजारांत स्वस्तांत मिळूं लागलें. नवें वाद्य ज्यांस परवडत नव्हतें, अशा मुलांच्या हातीं तें गेलें. त्यांनीं केलेली ध्वनिफीत शिकागोच्या ‘म्युझिक बॉक्स’ या नृत्यगृहांत रॉन हार्डी यानें वाजविली. प्रथम लोक बाजूस झाले. एकाच रात्रीं ती अनेकदां वाजविल्यावर ते नाचूं लागले, असें सांगतात. तबकडी निघाली ती त्यानंतर. डेट्रॉइटला ‘इलेक्ट्रिफाइंग मोजो’ या नांवाचा रेडिओवरील निवेदक नवें संगीत ऐकवी; अ‍ॅटकिन्सनें १९८५ सालीं ‘मेट्रोप्लेक्स’ ही स्वतःची छोटी प्रकाशनसंस्था काढली; १९८८ सालीं लंडनहून या संगीताचा संग्रह निघाला, तेव्हां ‘टेक्नो’ हें नांव जगभर झालें. करणारे, ऐकविणारे, छापणारे आणि ऐकणारे अशी सांखळी तेथें जुळली होती. मुंबईंत एक प्रवीण वादक होता आणि एक मोठी कंपनी होती. मधलें कोणीच नव्हतें.

दुसरें उदाहरणहि असेंच आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत १९६९ सालीं अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यानें मूग सिंथेसायझर बसविला आणि गीता साराभाई आदि मंडळींनीं तेथें प्रयोग केले. कांहीं वर्षांत तें काम थांबलें. त्या ध्वनिफितीहि कित्येक दशकांनीं पुन्हां प्रकाशांत आल्या. शोध एकट्याला लागूं शकतो, परंपरा मात्र एकट्याची होत नाहीं, हेंच दोन्ही प्रकरणांचें तात्पर्य.

यंत्रानें वादकांचें अन्न काढलें, ही तक्रार येथें डावलून चालणार नाहीं. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत एके काळीं पन्नास-शंभर वादक एकत्र बसून वाजवीत. १९९० नंतर तीं कामें सिंथेसायझर आणि संगणक यांनीं घेतलीं आणि अनेक कुटुंबांची पिढीजाद विद्या निरुपयोगी ठरली. हें नुकसान कोणत्याहि युक्तिवादानें भरून येत नाहीं. परंतु यंत्राचा उपयोग एकाच रीतीनें होतो असें नाहीं. त्याच रोलंड कंपनीचें १९८५ सालचें ‘ऑक्टापॅड’ आणि त्याचे पुढील अवतार महाराष्ट्रांतील बँजो पार्ट्यांत व ऑर्केस्ट्रांत ढोलकीचे आणि ताशाचे बोल बोलतात. पण त्यांवर काठी पडते ती वादकाचीच. तेथें यंत्रानें वाद्य बदललें, वादक घालविला नाहीं.

शब्दांच्या अर्थावरून समाजाची दृष्टि कळते. शिकागोंत ‘डीजे’ म्हणजे तबकड्या निवडून ऐकविणारा मनुष्य. त्याच्या निवडीला दाद मिळे आणि निवड चुकली तर लोक उठून जात. आमच्या जिल्ह्यांत ‘डीजे’ म्हणजे भोंग्यांची गाडी. माणसाचें नांव वस्तूला मिळालें आणि माणूस नाहींसा झाला. वडील मंडळींस खरा त्रास होतो तो या गाडीचा. त्यांचा राग योग्य आहे, परंतु तो यंत्राच्या ठेक्यावर निघतो हें बरें नव्हे.

आज सोळा घरांचें हें यंत्र साध्या मोबाइलमध्येंहि उतरलें आहे आणि जिल्ह्यांतील कोणत्याहि विद्यार्थ्यास तें हाताळतां येतें. शेगांवच्या पालखीबरोबर चालणारा भजनी ठेका आठ मात्रांचा. मात्रेस दोन घरें दिलीं तर तो या सोळांत नेमका बसतो. सहा मात्रांचा दादराहि घरें कमी करून बसवितां येतो. एखाद्या मुलानें असें कांहीं करून घरीं ऐकविलें, तर ‘बंद कर तें’ असें म्हणण्यापूर्वीं त्यास विचारावें कीं, तुझ्या ठेक्यांत खाली कोठें आहे? त्याला उत्तर देतां आलें, तर त्याच्या हातीं विद्या आहे असें समजावें आणि आणखी चार माणसें ऐकावयास बोलवावीं. चरणजित सिंग यांस हीं चार माणसें त्या वेळीं मिळालीं नाहींत. आपण पहिले होतों हें जगाला सांगत बसण्यापेक्षां, पुढल्याला तीं मिळतील अशी व्यवस्था करणें अधिक अगत्याचें आहे.