वृद्धांची मते, तरुणांची कमाई

कॅलिफोर्नियातील लाँग बीच हे समुद्रकाठचे शहर १९३० च्या सुमारास म्हाताऱ्या माणसांचे शहर झाले होते. आयोवा, इलिनॉय, नेब्रास्का अशा अंतर्भागातील शेतीप्रधान राज्यांत उभा जन्म काढून, शेत किंवा दुकान विकून, उरलेले दिवस उबदार हवेत घालवावेत म्हणून आलेली ही मंडळी. मुलेबाळे दीड-दोन हजार मैल मागे राहिलेली आणि पुंजी बँकेत ठेवलेली. १९२९ नंतर मंदी आली, बँका एकामागून एक बुडाल्या आणि या मंडळींच्या हाती ना पैसा उरला, ना मुलाचे घर. मुलगा स्वतःच बेकार असेल तर तो आईबापांना कोठून पोसणार? निम्म्याहून अधिक राज्यांत वृद्धांच्या पेन्शनीचे कायदे होते. पण त्यांची रक्कम तुटपुंजी असे, आणि पुष्कळ ठिकाणी तर कायदा नुसता कागदावरच होता.

याच शहरात फ्रान्सिस टाउनसेंड नावाचे एक डॉक्टर होते. जन्म १८६७ चा. शहराच्या आरोग्यखात्यात त्यांना लहानशी नोकरी होती, तीही गेली. सहासष्ट वर्षांच्या या बेकार डॉक्टराने १९३३ च्या सप्टेंबरात गावच्या वर्तमानपत्रात एक पत्र लिहिले. खिडकीतून पाहताना तीन म्हाताऱ्या स्त्रिया कचऱ्याच्या डब्यांत अन्न शोधताना दिसल्या आणि त्यातून ही कल्पना स्फुरली, असे ते पुढे सांगत असत. ती गोष्ट जशीच्या तशी घडली असो वा नसो, ऐकणाऱ्यांना ती खोटी वाटत नव्हती, हे महत्त्वाचे.

योजनेला लवकरच जे रूप आले ते असे : साठी उलटलेल्या प्रत्येक नागरिकाला सरकारने दरमहा २०० डॉलर द्यावेत. अटी दोनच. त्याने कमाईचे काम सोडले पाहिजे, आणि मिळालेली सर्व रक्कम तीस दिवसांच्या आत खर्च केली पाहिजे. पैसा उभा करायचा तो प्रत्येक व्यवहारावर दोन टक्के कर बसवून. म्हातारा पैसे खर्च करील, दुकानदाराचा माल खपेल, कारखान्याची चाके फिरू लागतील आणि म्हाताऱ्याने रिकामी केलेली जागा तरुणाला मिळेल. ‘तरुणांना काम, वृद्धांना विश्रांती’ हे या चळवळीचे घोषवाक्य होते. पुढच्या साठ वर्षांत वृद्धांच्या राजकारणाविषयी जो वाद माजला तो ध्यानात घेतला म्हणजे या घोषवाक्याचे नवल वाटते. पहिली मागणी तरुणांच्या विरुद्ध नव्हती. ती तरुणांच्याही नावाने केलेली होती.

हिशेब मात्र कोठेच जुळत नव्हता. साठीपुढची माणसे देशात सुमारे एक कोटी होती. त्यांना वर्षाला २४०० डॉलर द्यायचे म्हणजे २४०० कोटी डॉलर हवेत. आणि साऱ्या देशाचे १९३४ चे राष्ट्रीय उत्पन्न ५००० कोटींच्या आसपास. लोकसंख्येच्या बाराव्या हिश्शाला राष्ट्राच्या उत्पन्नाचा जवळजवळ अर्धा वाटा! कामावर असलेल्या माणसाची सरासरी कमाई तेव्हा महिन्याला शंभर डॉलरांच्याही आत होती. म्हणजे शंभर डॉलर मिळवणाऱ्या बापाने वस्तूच्या प्रत्येक खरेदी-विक्रीवर कर भरायचा आणि आजोबा-आजींनी मिळून चारशे डॉलर महिनाअखेर संपवायचे, असा हा प्रकार होता. अर्थशास्त्रज्ञांनी हे परोपरीने दाखवून दिले. पण पोट रिकामे असलेल्या माणसापुढे गणित मांडून उपयोग नसतो.

टाउनसेंड यांना संघटनेसाठी रॉबर्ट क्लेमेंट्स हा जमिनीचा दलाल साथीदार मिळाला आणि दोन वर्षांत गावोगाव हजारो क्लब निघाले. सभासद वीस लाखांच्या घरात गेले असावेत. सभा प्रार्थनेने सुरू होत. ही माणसे क्रांतिकारक नव्हती. चर्चला नियमित जाणारी, सरळमार्गी, बहुधा आयुष्यभर सनातनी पक्षाला मत देत आलेली होती. त्यांच्याकडे दोन गोष्टी मुबलक होत्या : मोकळा वेळ आणि मताचा हक्क. प्रतिनिधीला पत्र लिहायला तरुण कामगाराला सवड नसे. यांना तोच उद्योग होता. वॉशिंग्टनमध्ये टपालाच्या थैल्या येऊन पडू लागल्या आणि १९३५ च्या जानेवारीत योजनेचे विधेयकही मांडले गेले.

अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याआधीच, १९३४ च्या जूनमध्ये, आर्थिक सुरक्षिततेचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली होती. मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स तिच्या प्रमुख होत्या. टाउनसेंड चळवळीच्या दडपणामुळे वृद्धांसाठी काही केल्यावाचून गत्यंतर उरले नव्हते, हे पर्किन्सबाईंनी पुढे आपल्या आठवणींत मोकळेपणाने नमूद केले आहे. समितीने मात्र दानाचा मार्ग सोडून खात्याचा मार्ग धरला. कामगाराने पगारातून काही द्यावे, मालकाने तितकेच घालावे, आणि पासष्टाव्या वर्षी त्याने हक्काने निवृत्तिवेतन घ्यावे. अर्थमंत्री मॉर्गेंथाऊ यांचा तर आग्रह असा की, सरकारच्या सामान्य तिजोरीतून या खात्यात एक पैसाही जाता कामा नये. हा सामाजिक सुरक्षा कायदा प्रतिनिधिगृहात ३७२ विरुद्ध ३३ मतांनी संमत झाला आणि १४ ऑगस्ट १९३५ रोजी त्यावर सही झाली. शेतमजूर आणि घरकाम करणारे त्यातून वगळलेले होते. दक्षिणेतील बहुसंख्य काळे कामगार त्यामुळे आपोआप बाहेर राहिले. त्यांचे वार्धक्य पुढील पंधरा-वीस वर्षे कोणाच्याच हिशेबात नव्हते.

पगारातून वर्गणी कापण्यामागची रूझवेल्ट यांची मेख राजकीय होती. ज्याने पैसे भरले त्याला पेन्शनीवर कायद्याचा आणि नीतीचा हक्क वाटेल, आणि मग कोणाही पुढाऱ्याला ही योजना मोडता येणार नाही, असे त्यांनी पुढे एका सल्लागाराला बोलून दाखवले. अंदाज तंतोतंत खरा ठरला. परंतु या खात्यात एक गुपित होते. व्हर्मॉन्ट राज्यातील आयडा मे फुलर या निवृत्त कारकून बाईंना ३१ जानेवारी १९४० रोजी देशातील पहिली मासिक पेन्शन मिळाली : २२ डॉलर ५४ सेंट. त्यांनी तीन वर्षांत भरलेला कर होता २४ डॉलर ७५ सेंट. दुसऱ्याच महिन्यात त्यांची वर्गणी वसूल झाली. आणि बाई शंभर वर्षे जगल्या. १९७५ मध्ये निधन होईपर्यंत त्यांना २२,८८८ डॉलर ९२ सेंट मिळाले. यात लबाडी कसलीही नव्हती. पहिल्या पिढीला भरण्याची संधीच मिळाली नव्हती आणि तिला उपाशी ठेवणे शक्य नव्हते. पण पैसा आपल्याच वर्गणीतून आला अशी पेन्शनराची प्रामाणिक समजूत, आणि प्रत्यक्षात तो चालू पिढीच्या पगारातून येत होता. साऱ्या वादाचे बीज या समजुतीत आहे.

जोवर भरणारे अनेक आणि घेणारे थोडे, तोवर कोणाला काही टोचले नाही. १९५० साली एका पेन्शनरामागे सोळाहून अधिक कामगार कर भरत होते. तरुणही संतुष्ट होते, कारण आईबापांच्या पोषणाचा भार त्यांच्या एकट्याच्या खांद्यावरून उतरून सर्वांच्या खांद्यांवर गेला होता. एकत्र कुटुंबात जे काम घरच्या कर्त्याने करायचे ते सरकारने शिरावर घेतले, आणि सुनेशी भांडण न करता सासू आपल्या घरात स्वतंत्र राहू लागली. अमेरिकन तरुणाने या कायद्याला आयुष्यभर पाठिंबा दिला त्याचे हेही एक कारण आहे. वक्ते ते फारसे सांगत नाहीत.

१९६५ मध्ये वृद्धांच्या औषधोपचारासाठी मेडिकेअर आले. १९७२ मध्ये निवडणुकीच्या वर्षीच पेन्शन एकदम वीस टक्क्यांनी वाढली. वाढीव रकमेचे धनादेश ऑक्टोबरात, मतदानाच्या एक महिना आधी, घरोघर पोचले आणि सोबतच्या चिठ्ठीवर अध्यक्ष निक्सन यांचे नाव होते. पेन्शन महागाईशी कायमची जोडली गेली तीही त्याच वर्षीच्या कायद्याने. त्या वेळी लढाई, बेकारी आणि महागाई यांनी तरुण कुटुंबे ग्रासली जात होती. त्यांचा पगार असा कशालाच जोडलेला नव्हता.

दरम्यान वृद्धांच्या मागणीचे स्वरूपही पालटले होते. फ्लॉरिडाचे प्रतिनिधी क्लॉड पेपर, जन्म १९०० चा, हे या काळातील वृद्धांचे कैवारी. त्यांच्या खटपटीने सक्तीच्या निवृत्तीचे वय १९७८ मध्ये पासष्टावरून सत्तरावर गेले आणि १९८६ मध्ये बहुतेक नोकऱ्यांतून ती सक्तीच उठली. ‘आम्ही जागा सोडतो, तरुणांना घ्या’ असे १९३४ चा वृद्ध म्हणत होता. ‘आम्हाला जागेवरून उठवू नका’ असे १९७८ चा वृद्ध म्हणू लागला. दोन्ही मागण्या न्यायाच्या होत्या. पेपर स्वतः १९८९ मध्ये अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी वारले ते प्रतिनिधिगृहाचे सभासद असतानाच.

१९८० च्या सुमारास एका पेन्शनरामागे भरणारे जेमतेम तीन उरले आणि खाते रिते होऊ लागले. ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या आयोगाच्या शिफारशींवरून १९८३ मध्ये तडजोड झाली. महागाईवाढ सहा महिने पुढे ढकलली गेली, सधनांच्या पेन्शनीवर कर आला. आणि काँग्रेसने त्यात भर घालून पूर्ण पेन्शनीचे वय हळूहळू पासष्टावरून सदुसष्टावर नेले. सदुसष्टाचा पूर्ण भार पडला तो १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांवर. म्हणजे त्या दिवशी ज्यांचे वय तेवीस किंवा त्याहून कमी होते त्यांच्यावर. कित्येक तर अजून जन्मलेलेच नव्हते. त्यांच्या वतीने वॉशिंग्टनमध्ये टपालाच्या थैल्या आल्या नाहीत.

पुढच्याच वर्षी लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनी ही विषमता आकड्यांत मांडली. १९७० मध्ये मुलांपेक्षा वृद्धांत दारिद्र्य अधिक होते. १९८२ पर्यंत पारडे उलटले. वृद्धांतील दारिद्र्य पंधरा टक्क्यांच्या आत आले आणि मुलांमधील बावीस टक्क्यांच्या जवळ गेले. त्यांची मीमांसा मार्मिक होती : वृद्धांना मत आहे, मुलांना नाही, आणि मधल्या वयाचा माणूस मत देताना आपल्या आईबापांचा व आपल्या उद्याच्या म्हातारपणाचा विचार करतो, पुन्हा मूल होण्याची भीती मात्र कोणालाच नसते. यावर ‘पिढ्यापिढ्यांत वैर पेटवता काय?’ असा आक्षेप आला. तोही पोकळ नव्हता. कारण आजीची पेन्शन कापून वाचलेला पैसा नातवाच्या शाळेला मिळेलच, याची हमी कोणीच देत नव्हते.

सर्वांत बोलका प्रसंग त्यानंतरचा. दीर्घ आजाराच्या भयंकर खर्चापासून वृद्धांना वाचवणारा कायदा १९८८ मध्ये झाला. त्याचा खर्च तरुणांवर न टाकता सधन वृद्धांनीच गरीब वृद्धांसाठी उचलावा, असे ठरले. आयकर भरणाऱ्या वृद्धावर वर्षाला जास्तीत जास्त ८०० डॉलरांचा अधिभार बसणार होता. वृद्धांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने कायद्याला पाठिंबा दिला होता. पण तिचे सभासदच उलटले. विरोधात पत्रांचा भडिमार करणाऱ्या एका संघटनेचे प्रमुख होते जेम्स रूझवेल्ट, ज्यांच्या वडिलांनी १९३५ च्या कायद्यावर सही केली तेच. १७ ऑगस्ट १९८९ रोजी शिकागोत संतप्त वृद्धांनी अर्थसमितीचे अध्यक्ष रोस्तेनकोव्स्की यांची मोटार अडवली, आणि त्या बलाढ्य पुढाऱ्याला गाडीतून उतरून पायी पळ काढावा लागला. वर्ष संपण्याआधी कायदा रद्द झाला. त्या दिवशी मोटारीसमोर उभ्या असलेल्यांचे भांडण तरुणांशी नव्हते. आपल्याहून गरीब म्हाताऱ्याचा खर्च आपण का सोसावा, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आपले आपण भरले आहे, ही खात्याची जुनी समजूत त्यामागे उभी होती.

औषधांचा खर्च मेडिकेअरमध्ये अखेर आला तो २००३ च्या कायद्याने, आणि तो बहुतांशी सामान्य तिजोरीतून भागवायचे ठरले, म्हणजे सर्व वयांच्या करदात्यांकडून.

डॉक्टर टाउनसेंड आपली योजना संमत झालेली न पाहताच गेले. १९३९ मध्ये ती ३०२ विरुद्ध ९७ मतांनी फेटाळली गेली. चौकशी समितीसमोरून उठून गेल्याबद्दल त्यांना तीस दिवसांची कैद झाली होती, तीही रूझवेल्ट यांनीच माफ केली. १ सप्टेंबर १९६० रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, ते वारले. त्याच वर्षी जन्मलेले अमेरिकन २०२७ मध्ये सदुसष्ट वर्षांचे होतात. पूर्ण पेन्शनीसाठी तिथवर थांबावे लागणारी ती पहिली तुकडी.