घोडा गाण्यावर नाचतो, की गाणं घोड्यावर बसवतात? ड्रेसाजचं 'म्युझिकल फ्रीस्टाईल' समजून घ्या

पुण्यात ताशा कडाडला की वरातीतला घोडा पाय उचलतो. सारंगखेड्याच्या यात्रेतही घोडे वाजंत्रीवर नाचताना दिसतात. ड्रेसाजच्या म्युझिकल फ्रीस्टाईलमध्ये गोष्ट उलटी असते. इथे गाणं घोड्याच्या चालीला जुळवून घ्यावं लागतं.

अनुषचं पदक

2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत 41 वर्षांनी मिळालेलं हे सुवर्ण. दोन दिवसांनी अनुष अगरवालाने 'एट्रो' घोड्यावर वैयक्तिक कांस्य मिळवलं, तेही फ्रीस्टाईलमध्येच. त्याचे गुण होते 73.030, रौप्यविजेतीचे 73.450. इतक्या थोड्या फरकात प्रत्येक पावलाचा हिशोब लागतो.

आखणी कशी करतात?

• आधी पावलं मोजा. साध्या चालीत चार ठोके पडतात, दुडकीत दोन, कँटरमध्ये तीन. व्हिडिओ काढून घोडा मिनिटाला किती पावलं टाकतो ते मोजतात. प्रत्येक घोड्याचा आकडा वेगळा.

• मग संगीत. तिन्ही चालींसाठी त्या-त्या वेगाचे तुकडे निवडतात. पण ते एकाच माळेतले वाटायला हवेत.

• मग नकाशा. मैदान 60 बाय 20 मीटरचं. अनुष खेळला त्या 'इंटरमीजिएट वन' पातळीवर वेळ साडेचार ते पाच मिनिटं. सक्तीच्या हालचाली आल्याच पाहिजेत, क्रम स्वाराचा. पियाफसारख्या वरच्या पातळीच्या हालचालींना मात्र इथे मनाई आहे.

गुण कसे मिळतात?

तांत्रिक आणि कलात्मक, असे दोन भाग. कलात्मक गुणांत ताल, स्वार-घोड्याचा मेळ, रचना, काठिण्य आणि संगीत पाहतात. अवघड रचना केली आणि घोडा चुकला, तर दोन्हीकडे फटका बसतो. म्हणून अनुभवी स्वार घोड्याला जमतं तेच उठून दिसेल अशी रचना करतात.

आणि घोडा?

त्याच एशियाडमध्ये मुंबईचा हृदय छेडा पात्रता फेरीत पहिला होता. अंतिम फेरीत त्याच्या घोड्याच्या पायावर रक्त दिसलं आणि तो बाद झाला. नियम घोड्याच्या काळजीसाठी आहे. संगीत, नकाशा, सराव सगळं तयार असलं, तरी घोडा ठणठणीत नसेल तर खेळ तिथेच थांबतो.